लहान बाजारपेठेतील स्थानिक दूरचित्रवाणी : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :

दूरचित्रवाणीच्या इतिहासाचे लेखन बहुधा राजधानीच्या व महानगरांच्या केंद्रांभोवती झालेले आहे. लहान बाजारपेठेत स्थानिक दूरचित्रवाणी कशी निर्माण झाली, कशावर टिकली आणि कोणत्या कारणांनी क्षीण झाली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात केले आहे. स्थानिक दूरचित्रवाणीचे भवितव्य प्रेक्षकांच्या आवडीपेक्षा प्रसारणप्रवाहाच्या ‘प्रवेशस्थाना’वर, म्हणजे चित्र व ध्वनी ज्या ठिकाणी प्रसारणात सोडले जातात त्या ठिकाणावर अवलंबून असते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : स्थानिक दूरचित्रवाणी, केबल वाहिनी, प्रवेशस्थान, लहान बाजारपेठ, स्थानिक दप्तर.

प्रस्तावना :

मोहोपाडा हे खालापूर तालुक्यातील, रसायनी औद्योगिक क्षेत्रालगतचे बाजारगाव होय. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सार्वजनिक उपक्रमामुळे आणि त्यानंतर पाताळगंगेच्या खोऱ्यात आलेल्या कारखान्यांमुळे या गावाचे स्वरूप पालटले. भातशेती करणारी गावे, डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्या आणि बाहेरून आलेला कामगारवर्ग असा संमिश्र समाज येथे एका बाजारपेठेशी जोडला गेला. वासांबे–मोहोपाडा ग्रामपंचायतीचा कारभार, कारखान्यांतील भरती, नदीच्या पाण्याचा प्रश्न, शाळा-महाविद्यालयांचे निकाल, गावदेवीची यात्रा हे या समाजाचे रोजचे विषय होत.

या विषयांना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कधी आणि कितपत स्थान मिळाले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि, ज्या माध्यमापुढे कुटुंबे रोज सायंकाळी एकत्र बसत आली, त्या माध्यमात आपले गाव दिसत नसेल तर आपल्या गावाचे प्रश्न सार्वजनिक चर्चेच्या योग्यतेचेच नाहीत, अशी भावना हळूहळू रुजते. म्हणूनच या प्रश्नाचा संबंध मनोरंजनापेक्षा स्थानिक लोकशाहीशी अधिक निकटचा आहे.

‘लहान बाजारपेठ’ ही संज्ञा येथे जाहिरातदाराच्या दृष्टीने वापरली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर होती. सरासरी साडेचार माणसांचे एक कुटुंब धरल्यास दोन्ही तालुके मिळून सुमारे नव्वद हजार घरे होतात. वृत्तपत्र चालविण्यास ही संख्या थोडी नाही. दूरचित्रवाणी केंद्र चालविण्यास मात्र ती फारच तोकडी मानली जाते. या दोहोंतील अंतर कोणी व कसे भरून काढले, हाच स्थानिक दूरचित्रवाणीचा इतिहास आहे.

१. दोन मनोऱ्यांमधील प्रदेश (१९७२ ते १९९०) :

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रात ती पोहोचण्यास आणखी तेरा वर्षे लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे पोहोचविण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. कर्जत व खालापूर हे तालुके भौगोलिकदृष्ट्या या दोन स्थानांच्या मध्ये येतात.

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. वरळीच्या मनोऱ्याची उंची सुमारे ३०० मीटर आहे. एवढ्या उंचीवरून सपाट प्रदेशात सुमारे सत्तर किलोमीटरपर्यंत लहरी पोहोचू शकतात. त्या हिशेबाने मोहोपाडा आणि कर्जत ही दोन्ही ठिकाणे मुंबईच्या टप्प्यात येतात. परंतु हा प्रदेश सपाट नाही. कर्जतच्या पश्चिमेस माथेरानचा डोंगर आडवा येतो, तर खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी असल्याने पूर्वेकडील सह्याद्रीची भिंत सिंहगडाच्या लहरींना अडविते. पनवेलच्या बाजूने मोकळ्या असलेल्या गावात चित्र स्पष्ट आणि डोंगराच्या कुशीतील वाडीत केवळ मुंग्या, अशी विषम स्थिती त्यातून निर्माण होत असे. घराच्या कौलांवर उंच बांबूला बांधलेला अॅल्युमिनियमचा अँटेना आणि तो फिरविणारा मुलगा हे त्या काळाचे ओळखीचे दृश्य होते.

तांत्रिक अडचण ही या विषयाची एक बाजू झाली. अधिक महत्त्वाची बाजू अशी की, चित्र स्पष्ट दिसले तरी त्यात कर्जत–खालापूरचे काही असण्याची शक्यता अल्प होती. दूरदर्शनची कार्यक्रमनिर्मिती महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व पुणे येथील केंद्रांपुरती राहिली. मुंबई केंद्राच्या ‘आमची माती आमची माणसं’ सारख्या कार्यक्रमाने शेतकऱ्याला पडद्यावर आणले, हे खरे. परंतु तो शेतकरी संपूर्ण महाराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून आला, विशिष्ट खोऱ्यातील रहिवासी म्हणून नव्हे. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभारले गेले. हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठविण्यासाठी होते. प्रक्षेपक गावाजवळ आला, प्रवेशस्थान मात्र गावापासून आणखी दूर गेले.

मुद्रित माध्यमाशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. अलिबागहून निघणारे ‘कृषीवल’ १९३७ पासून जिल्ह्याच्या प्रश्नांना जागा देत आले. छापखाना जिल्ह्यात होता, म्हणून बातमीही जिल्ह्यातच वृत्तपत्रात शिरू शकत होती. दूरचित्रवाणीचा ‘छापखाना’ मात्र वरळीत आणि दिल्लीत होता.

२. पीज येथील प्रयोग : एक तुलना

लहान प्रदेशासाठी स्वतंत्र केंद्र चालविणे भारतात अशक्यच होते काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, गुजरातच्या खेडा जिल्ह्यात मिळते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतीय अवकाश संशोधन संस्थेने अमेरिकेच्या एटीएस–६ या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यासाठी निवडण्यात आली होती. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. याच सुमारास खेडा जिल्ह्यातील पीज या गावी एक किलोवॅट क्षमतेचा प्रक्षेपक उभारण्यात आला. त्याच्या टप्प्यातील सुमारे चारशे गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले; बहुधा दूध सोसायटीसारख्या सार्वजनिक ठिकाणी गावकरी एकत्र बसून कार्यक्रम पाहत.

पीजसाठीचे कार्यक्रम अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात तयार होत, पण त्यांचा विषय, भाषेचा लहेजा आणि पात्रे खेडा जिल्ह्यातील असत. ‘चतुर मोटा’ या मालिकेने ग्रामीण समाजातील रूढींचा प्रश्न कथारूपाने मांडला, तर ‘दाद फरियाद’ या कार्यक्रमातून ग्रामस्थांच्या तक्रारी संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या जात. जाहिरातींचा आधार न घेता चाललेल्या या उपक्रमास ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

तरीही १९८५ मध्ये पीजचे प्रक्षेपण बंद झाले. मद्रास शहरातील दुसऱ्या वाहिनीसाठी तो प्रक्षेपक हलविण्याचा निर्णय झाला आणि स्थानिक लोकांचा विरोध निष्फळ ठरला. महानगराला दुसरी वाहिनी मिळावी यासाठी ग्रामीण जिल्ह्यासाठीची वाहिनी काढून घेण्यात आली. पीजला प्रेक्षक होते, कार्यक्रम होते, मान्यता होती. प्रक्षेपकाची मालकी मात्र नव्हती. प्रवेशस्थान गावाच्या जवळ असणे आणि ते गावाच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हा पीजचा धडा आहे.

धोरणकर्त्यांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७८ मध्ये स्वायत्त प्रसारण न्यासाची शिफारस केली. दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयी नेमलेल्या पी. सी. जोशी यांच्या कार्यगटानेही १९८० च्या दशकात विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला व १९९७ मध्ये अमलात आला. पण तालुका अथवा जिल्हा पातळीवरील केंद्र त्यातूनही साकारले नाही.

अमेरिकेत याउलट १९५२ मध्ये तेथील संज्ञापन आयोगाने वाहिन्यांचे वाटप करताना शक्य तेथे प्रत्येक समाजाला किमान एक केंद्र मिळावे, हे तत्त्व स्वीकारले होते. तेथील लहान शहरांत स्थानिक केंद्रे उभी राहिली त्यामागे केवळ श्रीमंती नसून हे धोरणही होते.

३. गल्लीतील प्रवेशस्थान : केबलची स्थानिक वाहिनी (१९९१ ते २०१२)

केबल दूरचित्रवाणीचा जन्मच मुळी डोंगराच्या अडथळ्यातून झाला आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व ओरेगॉन या राज्यांतील डोंगराळ गावांत उंचावर एक अँटेना उभारून तेथून तारेने घरोघरी चित्र पोहोचविण्यात आले. भारतात १९८० च्या दशकात मुंबईच्या उंच इमारतींत एका व्हिडिओ संचावरून सर्व घरांना चित्रपट दाखविण्यासाठी ही तार आली. जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाचे उपग्रहावरून झालेले प्रसारण, त्याच वर्षी सुरू झालेल्या स्टारच्या वाहिन्या आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेली झी वाहिनी यांमुळे तबकडीचा अँटेना आणि केबल यांचे जाळे शहरांतून तालुक्याच्या गावांकडे पसरले.

स्थानिक वाहिनीच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मर्म तिच्या तांत्रिक साधेपणात होते. अॅनालॉग केबलमध्ये प्रत्येक वाहिनीसाठी तारेत ठराविक जागा असे. केबलचालक आपल्या खोलीत उपग्रहावरून वाहिन्या घेऊन मॉड्युलेटर नावाच्या लहान यंत्राद्वारे त्या तारेत सोडत असे. एक मॉड्युलेटर अधिक घेतला आणि त्यास व्हिडिओ कॅसेटचा संच जोडला की गावाची स्वतःची वाहिनी तयार! त्यासाठी मनोरा नको, उपग्रह नको, दिल्लीची वाट पाहणे नको. भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात प्रथमच प्रवेशस्थान गावातल्या गल्लीत आले.

कायद्यानेही या वाहिनीला अप्रत्यक्ष मान्यता दिली. केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायदा १९९५ मध्ये संमत झाला. त्यातील ‘कार्यक्रम’ या शब्दाच्या व्याख्येत व्हिडिओ कॅसेटवरून दाखविलेले चित्रपट, नाटके व जाहिराती यांचा तसेच प्रत्यक्ष सादरीकरणाचाही समावेश होता. केबलचालकाने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावयाची असे व तिचे मूळ शुल्क अवघे ५० रुपये होते. त्याच वर्षी ९ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्णय दिला. या निकालाचे लेखन न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी केले होते. प्रसारणावर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही आणि ती केवळ खाजगी भांडवलाचीही असू नये, हे त्या निकालाचे सार होय.

महाराष्ट्रातील तालुका व जिल्ह्याच्या ठिकाणी या काळात ज्या केबल वाहिन्या चालल्या, त्यांचे स्वरूप बव्हंशी सारखे होते. सायंकाळी अर्ध्या तासाचे स्थानिक बातमीपत्र व सकाळी त्याचे पुनःप्रसारण, गणेश विसर्जन, यात्रा, हरिनाम सप्ताह आणि कबड्डी–क्रिकेटच्या स्पर्धांचे चित्रण, शाळांची स्नेहसंमेलने, पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, हरवले–सापडले आणि दुकानांच्या जाहिराती. लग्नसमारंभाचे चित्रण करणारा व्हिडिओग्राफर हाच अनेक ठिकाणी वृत्तछायाचित्रकार झाला. निर्मितीमूल्ये सामान्य होती. परंतु ग्रामसभेत बोलणारी बाई सायंकाळी शेजारच्या घरात पडद्यावर दिसते, ही घटना दूरदर्शनच्या पहिल्या दोन दशकांत घडणे दुरापास्त होते.

याच काळात राज्यपातळीवरील मराठी दूरचित्रवाणीही विस्तारली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली व २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी आणि २००७ मध्ये चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या. त्यांच्या दृष्टीने तालुका हे ‘वार्ता घडल्यावर’ जाण्याचे ठिकाण राहिले; वार्तेची रोजची जागा मात्र केबलच्या स्थानिक वाहिनीनेच सांभाळली.

४. अर्थकारण आणि त्याची किंमत :

मोहोपाड्यातील कापडदुकानदाराला दहा–पंधरा किलोमीटरच्या परिघातील ग्राहक हवा असतो. राज्यव्यापी वाहिनीवर जाहिरात दिल्यास तिच्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ सर्व त्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात आणि तरीही पैसे सर्वांचे मोजावे लागतात. स्थानिक वाहिनीचे आर्थिक बळ नेमके येथे होते : तिचा प्रेक्षक थोडा, परंतु सर्वच्या सर्व उपयोगी. राष्ट्रीय जाहिरातदाराकडून तिला काही मिळण्याची शक्यता नव्हती, कारण प्रेक्षकमापनाची व्यवस्था दीर्घकाळ मुख्यतः एक लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांपुरती होती. ग्रामीण प्रेक्षकांचे नियमित मापन २०१५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी कर्जत–खालापूरचा प्रेक्षक जाहिरातविश्वाच्या हिशेबात जवळपास नव्हताच.

या अर्थकारणाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. तालुक्यातील दुकाने मर्यादित; त्यामुळे सणासुदीच्या शुभेच्छा देणारे पुढारी, बांधकाम व्यावसायिक व शिक्षणसंस्थाचालक हे उत्पन्नाचे मोठे स्रोत ठरतात. ज्याची शुभेच्छा–जाहिरात सकाळी दाखवायची, त्याच्याविरुद्धची बातमी सायंकाळी दाखविणे कठीण होते. शिवाय तार टाकणारा आणि बातमी देणारा एकच असल्यास त्या भागात दुसरा आवाज उमटण्याची सोय राहत नाही. म्हणजेच स्थानिक असणे हे आपोआप स्वतंत्र असणे नव्हे.

शासनाने या जोखमीची दखल घेतली, ती प्रामुख्याने नियंत्रणाच्या अंगाने. २००४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवडणुकीतील राजकीय जाहिरातींना केबलवरही पूर्वप्रमाणन आवश्यक झाले. केबलवरील आशयावर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्यांची योजना झाली. स्थानिक बातम्या स्थानिक घटनांपुरत्याच असाव्यात, समतोल व निःपक्षपाती असाव्यात, कोणत्याही समाजास चिथावणी देणाऱ्या नसाव्यात, हे पाहणे हे त्यांचे एक काम. उल्लेखनीय बाब अशी की, या समितीच्या रचनेत जिल्ह्यातील एका महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना तसेच शिक्षण, मानसशास्त्र व समाजशास्त्र या क्षेत्रांतील व्यक्तींना स्थान देण्यात आले. महाविद्यालयीन वर्गाला स्थानिक दूरचित्रवाणीच्या व्यवस्थेत मिळालेले हे एक औपचारिक स्थान होय. या तरतुदीची जाणीव मात्र प्राध्यापकवर्गात क्वचितच आढळते.

५. प्रवेशस्थानाचे स्थलांतर : डिजिटल केबल (२०१२ नंतर)

केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन अॅनालॉग केबल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही, तर पुणे, ठाणे, नवी मुंबई आदी ३८ शहरांत ३१ मार्च २०१३ ही अंतिम मुदत होती. कर्जत व खोपोली या नगरपालिका क्षेत्रांचा समावेश तिसऱ्या टप्प्यात, तर मोहोपाड्यासारख्या ग्रामपंचायत क्षेत्राचा चौथ्या टप्प्यात झाला. मुदतवाढी होत होत ३१ मार्च २०१७ रोजी ही प्रक्रिया औपचारिकरीत्या पूर्ण झाली.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. वाहिन्यांची संख्या वाढली, चित्र सुधारले, ग्राहकसंख्या लपविण्याची प्रथा कमी झाली आणि शासनाचा महसूल नियमित झाला. स्थानिक वाहिनीवर मात्र त्याचा परिणाम मुळावरच झाला. डिजिटल व्यवस्थेत सर्व वाहिन्या मोठ्या वितरक कंपनीच्या नियंत्रणकक्षात एकत्र गुंफल्या व सांकेतिक रूपात बदलल्या जातात. तेथून त्या तारेने गावात येतात आणि घरातील सेट–टॉप बॉक्स त्या उलगडतो. नियंत्रणकक्षात जे गुंफले नाही ते सेट–टॉप बॉक्सला दिसतच नाही. तालुक्यातील केबलचालकाने आपल्या खोलीत कॅसेटचा संच जोडून उपयोग नाही. त्याला वेगळी सांकेतिक यंत्रणा हवी, वितरक कंपनीची संमती हवी आणि वाहिन्यांच्या यादीत क्रमांक हवा. गल्लीत आलेले प्रवेशस्थान पुन्हा महानगराकडे निघून गेले. स्थानिक वाहिनीवर कोणीही बंदी घातली नाही. तिची खिडकी मात्र दुसऱ्याच्या घरात गेली.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्र शासनाने वितरक कंपन्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार प्रत्येक वाहिनीची एक हजार रुपये शुल्क भरून नोंदणी करावयाची असते. अशा वाहिन्यांची संख्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. स्थानिक बातम्या द्यावयाच्या असल्यास ती संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असावी लागते. शुल्क अल्प आहे. परंतु व्हिडिओग्राफर, केबलचालक आणि अर्धवेळ वार्ताहर अशा तिघांनी चालविलेल्या वाहिनीस कंपनीची औपचारिकता आणि वितरकाची संमती या दोन अटी शुल्काहून कितीतरी जड आहेत.

दुसरीकडे, २००६ च्या धोरणाने सामुदायिक नभोवाणीचे परवाने स्वयंसेवी संस्थांनाही खुले केले. सामुदायिक दूरचित्रवाणीसाठी अशी कोणतीही तरतूद झाली नाही. दूरदर्शनचे बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद झाले. प्रसारणाची जमिनीवरील जी व्यवस्था स्थानिक वापरासाठी उपलब्ध होऊ शकली असती, तीही अशा प्रकारे संपुष्टात आली.

६. मोबाइलचा काळ आणि इर्शाळवाडी :

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि स्थानिक बातमी यूट्यूब व व्हॉट्सअॅपकडे वळली. आज प्रवेशस्थान प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यामुळे स्थानिक दूरचित्रवाणीची गरज संपली, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. केबलची वाहिनी गावातील सर्वांना एकाच वेळी एकच बातमी दाखवीत असे आणि ती दाखविणारा माणूस कोण, हे गावाला ठाऊक असे. मोबाइलवर कोणती चित्रफीत कोणाला दिसावी, हे दूरस्थ यंत्रणा ठरविते. बातमी सर्वत्र पोहोचू शकते, पण गावाने एकत्रितपणे पाहिली, असे म्हणता येत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. पायवाटेनेच पोहोचता येणारी ही ठाकूरवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. दुसऱ्या दिवशी राज्यातील व देशातील वृत्तवाहिन्या डोंगराच्या पायथ्याशी आल्या. त्यांचे काम महत्त्वाचे होते, यात शंका नाही. तथापि, महानगरी माध्यम आपत्तीनंतर येते. डोंगरउतारावरील इतर वाड्यांची स्थिती काय, यादीत कोणती गावे आहेत व कोणती नाहीत, पुनर्वसनाचे काम कोठवर आले, हे प्रश्न दर आठवड्याला विचारावे लागतात. असे प्रश्न चिकाटीने विचारण्याची सवड व कारण केवळ स्थानिक माध्यमालाच असते. स्थानिक वाहिनी असती तर दुर्घटना टळली असती, असा दावा करणे अयोग्य ठरेल. परंतु नियमित स्थानिक वार्तांकनाच्या अभावी वाडीचा धोका वाडीपुरताच राहतो, हे नाकारता येत नाही.

७. दप्तराचा प्रश्न :

स्थानिक दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वांत गंभीर हानी तिच्या दप्तराची आहे. ग्रंथ व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्यानुसार तालुक्यातून निघणाऱ्या चार पानी साप्ताहिकाचीही प्रत ठराविक ग्रंथालयांत जमा होणे अपेक्षित आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जतन करीत आले आहे. स्थानिक वाहिनीच्या बातमीपत्राला मात्र अशी कोणतीही जागा नाही. १९९५ च्या केबल कायद्याने कार्यक्रमांची नोंदवही एक वर्ष ठेवण्यास सांगितले आणि २०२२ च्या तत्त्वांनी चित्रमुद्रण नव्वद दिवस ठेवण्यास सांगितले. दोन्ही तरतुदी तक्रारनिवारणासाठी आहेत, इतिहासासाठी नव्हेत.

त्यातच कॅसेट महाग असल्याने जुन्या चित्रणावर नवे चित्रण करण्याची पद्धत होती. ज्या कॅसेटी उरल्या, त्या कोकणच्या दमट हवेत बुरशीने व चुंबकीय थराच्या झिजेने निकामी होत आहेत आणि त्या वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. कारखान्यांचा भरभराटीचा काळ, कामगारांचे मेळावे, ग्रामपंचायतींच्या निवडणुका, महापूर, लुप्त होत चाललेली वाड्यांवरील गाणी व नृत्ये या साऱ्यांचे चित्ररूप साधन एका पिढीच्या आत नाहीसे होऊ शकते.

या कामी महाविद्यालये पुढाकार घेऊ शकतात. परिसरातील जुन्या केबलचालकांकडील व व्हिडिओग्राफरांकडील कॅसेटींची यादी करणे, चित्रणाचे डिजिटल रूपांतर करणे, प्रत्येक चित्रणास दिनांक, स्थळ व विषय यांची नोंद जोडणे आणि ते ग्रंथालयात अभ्यासकांसाठी उपलब्ध करणे, ही कामे इतिहास, मराठी, समाजशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र करता येण्याजोगी आहेत. कायदेशीर बाजू मात्र ध्यानात घ्यावी लागेल. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रसारण संस्थेचा विशेष हक्क पंचवीस वर्षांचा असतो, तर चित्रमुद्रणातील स्वामित्वहक्क साठ वर्षांचा असतो. म्हणून प्रसारण जुने असले तरी मूळ चित्रण करणाऱ्याची लेखी संमती घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. कर्जत–खालापूरसारख्या प्रदेशात स्थानिक दूरचित्रवाणीचा अभाव प्रेक्षकांच्या उदासीनतेमुळे निर्माण झालेला नाही. प्रवेशस्थान कोठे आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, यावर तिचे असणे–नसणे ठरत आले आहे.

२. पीज येथील प्रयोगाने लहान प्रदेशासाठी दर्जेदार केंद्र शक्य असल्याचे सिद्ध केले. त्याच्या समाप्तीने मालकीविना जवळीक टिकत नाही, हे दाखवून दिले.

३. अॅनालॉग केबलच्या काळातील स्थानिक वाहिनी ही कोणत्याही धोरणाची फलश्रुती नव्हती. तांत्रिक साधेपणा व सैल नियमन यांतून ती उगवली आणि तंत्र बदलताच कोणाच्याही लक्षात न येता मागे पडली.

४. सामुदायिक नभोवाणीप्रमाणे सामुदायिक दूरचित्रवाणीची तरतूद व्हावी आणि वितरकांच्या वाहिन्यांच्या मर्यादेत तालुका पातळीवरील स्वतंत्र निर्मात्यांसाठी काही जागा राखून ठेवावी, हे धोरणात्मक उपाय विचारार्ह आहेत.

५. जिल्हास्तरीय समित्यांतील सहभाग व स्थानिक चित्रणाचे जतन या दोन बाबी महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. पैकी दुसऱ्या बाबीसाठी उपलब्ध असलेला अवधी कॅसेटींच्या आयुष्याएवढाच आहे.

राज्याच्या व राष्ट्राच्या दूरचित्रवाणीचा इतिहास मोठ्या केंद्रांच्या दप्तरांतून लिहिला जाईलच. मोहोपाड्यासारख्या गावांचा इतिहास मात्र कपाटांच्या वरच्या खणात, नावे पुसट झालेल्या कॅसेटींत पडून आहे. त्या कॅसेटी वाचण्याजोग्या आहेत तोवरच हे काम हाती घेणे शक्य आहे.